कोमटसुद्धा नाही

ओव्हन लावला की सुरुवातीला सगळं सुरळीत चालायचं. केक फुगायला लागायचा, वास घरभर दरवळायचा, आणि आता जमलंच म्हणेपर्यंत पॅसेजमध्ये खट् असा आवाज व्हायचा. ओव्हनचा दिवा मालवायचा. सून हातातलं टाकून पॅसेजमध्ये धावायची. तिथे भिंतीवर विजेचा बोर्ड होता, आत एमसीबींची, म्हणजे धोका झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या बटणांची, ओळ होती, आणि त्यातलं ओव्हनचं बटण मान टाकून खाली पडलेलं असायचं. लगेच वर करावं तर पुन्हा पडायचं. थोडा दम खाऊ दिला की मग राहायचं. तोवर केक मधोमध खचलेला असायचा आणि सून डोक्याला हात लावून बसलेली.

केक ही काही तिची हौस नव्हती. नवरा परगावी नोकरीला, महिन्याकाठी येणार, आणि घर चालवायचं तर दोन हातांना काम हवंच. आजूबाजूच्या गल्ल्यांत तिला सगळे केकवाली म्हणूनच ओळखायचे. वाढदिवसाला केक वेळेवर पोहोचला नाही तर पोरं भोकाड पसरतात आणि पोरांच्या आया पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. हे एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा होऊन चालणार नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग वायरमनला बोलवायचं. तर वायरमन घरातच होता. तिचे सासरे. आणि खरी पंचाईत तीच होती, कारण घरातल्या वायरमनला डावलून बाहेरचा आणायचा म्हणजे म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच. परिसरातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचे बोर्ड होते. मोठमोठी कामं त्यांनी आता सोडली होती, पण ओळखीपाळखीच्या माणसांनी हाक मारली की पिशवी खांद्याला लावून निघायचे. मीटर, क्लॅम्प वगैरे यंत्रांना ते खेळणी म्हणत. त्यांची पद्धत एकच. हाताची उलटी बाजू एमसीबीवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. कुठला एमसीबी तापतोय, कुठली तार सैल आहे, हे त्यांना असं नुसत्या हाताने कळायचं. जन्मभर कळत आलं होतं, आणि लोकांनी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

ओव्हनचं बटण पहिल्यांदा पडलं तेव्हा ते असेच आले, हात टेकवला, डोळे मिटले.

"गार आहे," म्हणाले. "बोर्ड ठणठणीत. तुझ्या ओव्हनमध्येच काहीतरी आहे."

सुनेने ओव्हन रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने दिवसभर तापवून बघितला आणि परत दिला. ओव्हनला काही झालेलं नव्हतं. मग सासरे म्हणाले, एमसीबी जुना झालाय. नवा आणून स्वतःच्या हाताने बसवला. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा खट्. मग म्हणाले, ही जागाच वाईट. ओव्हनची तार काढून शेजारी गिझरच्या एमसीबीला जोडली आणि गिझरची ओव्हनच्या जागी. आता दोन्ही पडायला लागले. सकाळी अंघोळीच्या वेळी एक, दुपारी केकच्या वेळी दुसरा.

"तुझ्या ओव्हनला कुणाची तरी दृष्ट लागलीय," सासूबाई म्हणाल्या. अंगावर साबण असताना पाणी गार झालं होतं, त्यामुळे त्या घुश्शात होत्या. "नाहीतर यांच्या हातचं काम असं वागेल?"

सुनेने ते कानाआड केलं. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट किड्यासारखी वळवळत राहिली. सासरे ज्याला हात लावतील ते आधीपेक्षा बिघडत होतं. हा विचार मनात आला म्हणून तिने स्वतःलाच दटावलं आणि अंडी फेटायला घेतली.

त्या दिवशी दुपारी सासूबाई आत झोपल्या होत्या. मोठी ऑर्डर होती, केकचे दोन थर एकामागून एक भाजायचे होते. पहिला नीट झाला. दुसरा आत घातल्यावर तिला जळकट वास आला. केकचा नव्हता, तो ती झोपेतही ओळखेल. हा प्लास्टिकचा होता, औषधासारखा कडवट. ती पॅसेजमध्ये गेली. बटण अजून पडलेलं नव्हतं. तिने सासऱ्यांना बघितलं होतं तसंच केलं, बोटांची उलटी बाजू एमसीबीवर टेकवली, आणि आई गं म्हणून हात मागे ओढला. तव्याला हात लागावा तसा चटका बसला होता.

"बाबा! बाबा, लवकर या!"

सासरे चष्मा सावरत आले. तिने बोट दाखवलं. "भाजतोय हो. हात लावू नका."

त्यांनी हात लावलाच. नेहमीसारखे डोळे मिटले. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड शांत होतं, जराही आक्रसलं नाही. हात तिथेच होता. तिला राहवेना, तिने त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"कुठे भाजतोय?" ते म्हणाले. "कोमटसुद्धा नाही."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस जरा तरी घाई करतो. त्यांना खरंच गार लागलं होतं. तिने धरलेला त्यांचा हात उलटा करून बघितला. मधल्या दोन बोटांची पेरं लालभडक झाली होती. त्यांच्या शेजारी एक जुना फोड होता, फुटून खपली धरलेला. असाच कधीतरी उठलेला आणि त्यांना पत्ताही नसलेला.

"हे काय आहे, बाबा?"

"कुठे घासलं असेल." त्यांनी हात सोडवून घेतला. "कामकऱ्याचे हात आहेत, सूनबाई. तुमच्यासारखे लोण्याचे नाहीत."

आणि हे ऐकलं मात्र, सुनेला एकदम सगळा उलगडा झाला.

कारण हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. गेली काही वर्षं सासरे उकळत्या चहाचं भांडं फडक्याशिवाय उतरवत. ओव्हनमधला ट्रे नुसत्या हाताने बाहेर काढून देत. सगळे टाळ्या वाजवायचे. घरात दोन पकडी आहेत, एक स्टीलची आणि एक बाबा, असं ती स्वतःच पाहुण्यांना सांगायची. नवरा आला की मुद्दाम त्यांच्या हातात गरम वाटी द्यायचा आणि सगळे खदखदा हसायचे. म्हातारासुद्धा छाती फुगवून हसायचा. साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्यांना कधीपासून चालू होत्या. डॉक्टर दर वेळी विचारायचे, हातापायांना मुंग्या येतात का, आणि हे म्हणायचे, छे, काही म्हणजे काही वाटत नाही. काही वाटत नाही, हे म्हातारा अगदी खरं सांगत होता, आणि एवढ्या शहाण्या घरात ते एकालाही ऐकू आलं नाही. सुनेला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पण रडायला वेळ नव्हता. तिला दुसरं काहीतरी आठवलं होतं.

"बाबा, ताईंच्या नव्या घरचा बोर्ड तुम्हीच बसवलात ना?"

"मग? माझ्या लेकीच्या घरी दुसरा कोण बसवणार?"

ताई म्हणजे तिची नणंद. नवं घर पाठीमागच्याच रस्त्यावर. बोर्ड झोपायच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या आत, आणि कपाटाला लागून छकुलीचा छोटा पलंग. ही जागा ताईनेच निवडली होती, बोर्ड दिसायला वाईट दिसतो म्हणून. छकुली म्हणजे ताईची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली. सुनेच्या डोळ्यांपुढे कपाटातले कपडे आले.

"आणि गल्लीतल्या मास्तरांकडचा? आणि शिवणकामवाल्या मावशींकडचा?"

"काय चाललंय तुझं?" सासऱ्यांचा आवाज चढला. "सरळ बोल."

तिने सरळ बोलायचं ठरवलं. "बाबा, तुमच्या हाताला आता गरम कळत नाही. मला वाटतं, घट्ट-सैलही कळत नसेल. तुम्ही स्क्रू आवळता, पण तो आवळला जात नाही. तार सैल राहते आणि तापते."

म्हातारा जो भडकला, तो भडकलाच. त्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती, ते तिच्यावर कधी असे ओरडले नव्हते. आज म्हणाले, चार केक विकून तू मला शिकवणार का? म्हणाले, माझ्या हाताखाली किती जण तयार झाले तुला माहीत आहे का? म्हणाले, तुझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, आता डोळ्यांनीच बघ. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पिशवीतून टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर काढला, टेस्टर लावून वीज गेल्याची खात्री केली आणि बोर्डाचं झाकण उघडलं. ओव्हनमधला दुसरा थर आत तसाच राहिला. तो गेल्यात जमा होता.

झाकण उघडल्यावर वास आणखी आला. ओव्हनची तार एमसीबीत जिथे शिरत होती तिथे तिचं लाल कवच काळपट होऊन वितळलं होतं. सासऱ्यांनी ते बघितलं. त्यांनी स्क्रूवर ड्रायव्हर टेकवला आणि पिळला. दात-ओठ खाऊन पिळला. कपाळावरची शीर फुगली. नाटक नव्हतं ते, सगळा जीव लावला होता.

"हं. आवळला," ते म्हणाले. त्यांनी ड्रायव्हर तिच्यापुढे धरला. "हलवून दाखव आता. नाहीच हलला तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही."

सुनेने असलं काम कधी केलं नव्हतं. पण रोज पीठ मळून, क्रीम घोटून तिचं मनगट तयार झालेलं होतं. तिने ड्रायव्हर खाचेत बसवला आणि मनात म्हणाली, नको फिरू रे, नको फिरू. तिला खरंच हरायचं होतं. तिने पिळला.

स्क्रू फिरला. सहज फिरला, बरणीचं झाकण फिरावं तसा. अख्खा एक फेरा घेऊन आणखी थोडा गेला, आणि मग कुठे तिच्या मनगटाला अडलेला लागला.

मघाशी सगळा जोर लावताना ड्रायव्हर त्यांच्या बधिर मुठीत नुसता घसरला होता.

"शेजारचा," सासरे म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

शेजारचाही फिरला. त्याच्या शेजारचाही. सून एकेक आवळत गेली आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आपण यांच्या अंगावरचा एकेक कपडा काढतोय. शेवटी त्यांनी तिच्या हातातून ड्रायव्हर घेतला. तिने आवळलेल्या स्क्रूवर ठेवून पिळून बघितला, मग तळाशी एक राहिला होता, स्वतः बसवलेला, त्यावर ठेवला. परत इकडे, परत तिकडे. लहान मूल दोन डब्यांत खाऊ कशात आहे ते हलवून बघतं, तसं चाललं होतं त्यांचं.

"मला दोन्ही सारखेच लागतात," ते म्हणाले.

मग ते पॅसेजमध्येच, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. सून त्यांच्याशेजारी बसली. घरात वीज नव्हती, फ्रिजची घरघर बंद होती. म्हातारा स्वतःचे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्या हातांचं तिला इतकं वाईट वाटलं की तिने त्यातला एक आपल्या हातात घेतला. त्यांना किती कळलं कोण जाणे.

"ऊठ," थोड्या वेळाने तेच म्हणाले. "हे नुसतं आवळून भागायचं नाही. जळलेली तार कापावी लागेल."

ते सांगत गेले, ती करत गेली. डावीकडच्या जाड तारेला हात लावायचा नाही, मेन बंद असला तरी ती जिवंत असते. इकडची सोड. काळा भाग काप. अजून काप, तांबं लख्ख दिसेपर्यंत. हा एमसीबी गेला कामातून, एकदा भाजला की तो भरवशाचा राहत नाही, पिशवीत नवा आहे. तार आत घाल, कवच चिमटून देऊ नकोस, उघडं तांबं बाहेर ठेवू नकोस. आवळ. आता तार धरून ओढ. येते का हातात? नाही ना? मग झालं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता. त्यांनी कुणाकुणाला हे काम शिकवलं होतं, ते कसं शिकवलं असेल ते तिला आज कळलं. नवरा बिचारा बाहेरगावी कारकुनी करत होता, त्याने कधी ड्रायव्हर हातात धरला नव्हता.

मेन चालू केला. फ्रिज घरघरला.

"ताईकडे जाऊ या," ती म्हणाली.

"जाऊ या," ते म्हणाले. पिशवी उचलायला वाकले आणि तसेच थांबले. "पण तिला यातलं काही सांगायचं नाही. सहज बघायला आलो म्हणायचं. बोर्ड तू आवळ, मी शेजारी उभा राहतो."

"आणि बाकीची घरं?"

"बघू."

"बघू काय, बाबा? त्यांच्याकडे पण सहजच जायचं का? एवढ्या घरी सहज कोण जातं?"

ते पायात चपला घालत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, माणसं मला बघून दार उघडतात. माझ्याकडे दुसरं काही नाही. एवढं एक राहू दे."

दोघं रस्त्याला लागले. ती मनात घरं आठवत होती. मास्तर एकटे राहतात, ऐकू कमी येतं, कानातलं यंत्र काढून झोपतात. मावशींकडे कपड्यांचे ढीग. एक तरी घर राहिलं आणि तिथे काही झालं तर, हा विचार ती पुरा करत नव्हती. आणि शेजारून चालणाऱ्या माणसाला तोंडावर सांगून मोकळं व्हा म्हणावं, तर तेही तिच्याने होत नव्हतं. आज तिने त्यांना एकदा उघडं पाडलं होतं. पुन्हा धीर होत नव्हता.

ताईने दार उघडलं, पाठीमागे तिला धरून छकुली. "अगं बाई, आज सासरा-सून दोघं मिळून? केक आणलास का?"

"केक उद्या," सून म्हणाली.

"तुझा बोर्ड बघायला आलोय," सासरे म्हणाले. "नवीन काम आहे, एकदा बघावं लागतं."

मेन बंद केला. पंखा थांबला तशी छकुली किरकिर करायला लागली. कपाटातले कपडे बाजूला सारून सुनेने झाकण उघडलं. एका तारेचं कवच तपकिरी पडलं होतं. त्याच्या अगदी समोर छकुलीचा लोकरी स्वेटर टांगलेला होता. सासऱ्यांनी तो आकड्यावरून काढला, घडी केली आणि पलंगावर ठेवला. मग पाठ करून असे उभे राहिले की ताईला आतलं काही दिसू नये.

"हे काय, वहिनी काम करतेय आणि तुम्ही उभे?" ताई हसली. "मला कधी स्क्रूला हात लावू दिला नाहीत. आणि सुनेला लगेच शिष्य केलंत?"

"शिकते म्हणाली," सासरे म्हणाले. तेही हसले. फार वाईट हसले.

सुनेने काम उरकलं. तार कापली, आवळली, ओढून बघितली, भाजलेला एमसीबी बदलला आणि बाकीचे सगळे स्क्रू एकेक करून पिळले. सगळे फिरले. मेन चालू केला, पंखा फिरायला लागला. छकुलीची किरकिर मात्र थांबेना. सुनेने तिला घेतलं, आणि घेतल्याबरोबर तिला कळलं की पोरीचं अंग तापलंय. ती बोलणार तेवढ्यात ताईच बोलली.

"सकाळपासून अशीच कुरकुरतेय. मला वाटतं, उन्हात खेळली. बाबा, तुम्ही बघा बरं हिला ताप आहे का. तुमचा हात कधी चुकत नाही."

सासऱ्यांनी सवयीने हात पुढे केला. ताईला, तिच्या भावाला, दोघांनाही त्यांनी लहानपणी असंच बघितलं होतं. बोटांची उलटी बाजू छकुलीच्या कपाळावर टेकली. डोळे मिटले.

पोरगी सुनेच्या अंगाला नुसती भाजत होती. त्यांनी आता गार आहे म्हटलं असतं तर ताईने तिला अंघोळ घालून झोपवून टाकलं असतं, औषधाची आठवणही काढली नसती. वडिलांच्या हातावर तिचा तेवढा विश्वास होता. आपण बोलायला हवं, हे सुनेला कळत होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

सासऱ्यांचेही ओठ हलले. शब्द ओठांवर आलेला तिला दिसला. पण तो बाहेर पडला नाही. त्यांनी डोळे उघडले, कपाळावरच्या आपल्या हाताकडे बघितलं आणि हात काढून घेतला. मग ते वाकले, गुडघे धरत, आणि छकुलीच्या कपाळाला त्यांनी आपला गाल लावला. छकुलीला त्यांची दाढी टोचली असावी, तिने मान फिरवली. ते तसेच थांबले. बराच वेळ थांबले.

"चांगलाच ताप आहे," ते म्हणाले.

"अगं बाई! बघू." ताईने हात लावला. "खरंच की. पण बाबा, गाल काय लावलात? हाताने नाही कळलं?"

"नाही कळलं." ते सरळ झाले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला आणि परत घातला. "हाताला आता काही कळत नाही गं मला. गरम नाही, गार नाही, घट्ट नाही, सैल नाही. तुझा बोर्ड मी सैल ठेवला होता. पोरीच्या उशाशी. सूनबाईने बघितलं म्हणून, नाहीतर..."

ताई आधी हसायला गेली. वडील थट्टा करताहेत असं तिला वाटलं. मग तिने वहिनीकडे बघितलं, पलंगावर पडलेला तपकिरी तारेचा तुकडा बघितला, आणि तिचं तोंड रडवेलं झालं.

"बाबा..."

"रडायचं नंतर. आधी तिला औषध दे." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आणि मास्तरांना फोन लाव. त्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. म्हणावं, बाबा येताहेत आणि त्यांनी तुमच्याकडे चूक करून ठेवलीय."

"मी सांगते ना तिथे गेल्यावर," सून म्हणाली. "तुम्ही नका..."

"नाही," ते म्हणाले. "तू स्क्रू बघ. बोलणार मी."

आणि ते तिच्या आधी दाराबाहेर पडले.